१८२ सुतांची आगबोट : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

आज लाकूड आणलं. शिवणीच्या तीन फळ्या, अर्धा इंच जाड, दोन फूट लांब, आणि चौथी चुकीसाठी जादा. आधीची तीन मॉडेलं कोकणातल्या गलबतांची होती, तीही शिवणीतच कोरली होती. या वेळी लोखंडी आगबोट करायची आहे, अमेरिकेतल्या यादवी युद्धातली (उत्तर विरुद्ध दक्षिण, १८६१ ते १८६५).

बोटीचं नाव डेन्बी. हे वेल्समधल्या एका गावाचं नाव. इंग्रजीत लिहिताना शेवटी दोन अक्षरं जास्तीची येतात, ती बोलताना गिळायची. १८६० साली लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे बर्कनहेडला लेअर्ड यांच्या कारखान्यात ही बांधली गेली. लांबी १८२ फूट, रुंदी २२ फूट, खोली पावणेनऊ फुटांच्या आसपास. दोन्ही बाजूंना चाकं, मधे धुराडं. काम काय, तर लिव्हरपूलहून वेल्सच्या किनाऱ्यावरच्या ऱ्हिलला सहलीची माणसं न्यायची. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच असते ना, तसलीच, जरा नटवी. तीन वर्षांत ही लाँच तोफांच्या अंगाखालून कापूस वाहू लागली आणि पाचव्या वर्षी टेक्ससच्या किनाऱ्यावर जळाली.

हीच बोट का, असं घरात विचारून झालं. माझे वडील खामगावला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते. आमच्या शाळेच्या पुस्तकात एक वाक्य होतं : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानातील कापसाला भाव आला. ‘कारणे द्या’मध्ये दोन गुणांना यायचं. त्या वाक्याच्या पलीकडच्या टोकाला नेमकं काय चाललं होतं, ते मला हाताने करून बघायचं आहे. वाचून माझं समाधान होत नाही. एकतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढली, त्याचा हा दोष असावा.

प्रमाण १:९६ ठरवलं, म्हणजे एका फुटाला एक अष्टमांश इंच. आमचे शेजारी काका जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “साहेब, अष्टमांश कशाला म्हणता, सूत म्हणा की. एक फूट म्हणजे एक सूत.” खरंच की. १८२ सुतांची बोट, २२ सूत रुंद. पट्टीवर बावीस इंच सहा सूत लांब आणि दोन इंच सहा सूत रुंद.

९ जून

फळ्या चिकटवून शिकंजात धरल्या आहेत.

कागदावर वरून दिसणारा आकार काढला आणि थोडा दचकलोच. लांबी रुंदीच्या आठपटीहून जास्त. माझी गलबतं याच्यापुढे गरोदर म्हशींसारखी दिसतात. गलबताला वारा पेलायचा असतो, त्यामुळे अंग लागतं. या बोटीला पाणी कापत पुढे जायचं आहे, बाकी काही नाही. सहलीच्या बोटीत वेग का हवा? तर ऱ्हिलला जाऊन संध्याकाळच्या आत परत यायचं असतं. तोच सडपातळपणा पुढे चोरट्या कामाला आला.

तिच्याच कारखान्यातून १८६२ साली ‘अलाबामा’ नावाचं लढाऊ जहाज बाहेर पडलं. उत्तरेच्या व्यापारी जहाजांची त्याने दोन वर्षं लांडगेतोड केली. त्या जहाजावर कपाटभर पुस्तकं निघाली. डेन्बीच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं आलं, आणि मला तेच बरं वाटतं.

२३ जून

पटाशीचं काम आठवडाभर चाललं. नाळेकडची बाजू झाली, मागची गोलाई बाकी आहे.

हात चालतात तेव्हा डोकं मोकळं असतं, म्हणून नाकेबंदीचं नीट टिपून ठेवतो. १९ एप्रिल १८६१ ला लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा साडेतीन हजार मैलांचा आणि आरमार तेव्हा मूठभर. पहिलं वर्ष ती नाकेबंदी कागदावरच जास्त होती. गंमत म्हणजे सुरुवातीला दक्षिणेनेच आपला कापूस अडवून धरला. कापूस मिळाला नाही की इंग्लंड गुडघ्यावर येईल आणि आपल्या बाजूने उतरेल, असा हिशेब. इंग्लंडच्या गिरण्यांना युद्धाआधी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथूनच यायचा, तेव्हा हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. पण गोदामांत आधीचा साठा पडून होता, आणि जगात कापूस दुसरीकडेही पिकतो. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते आम्हाला सांगायला नको.

साठा संपला तोवर नाकेबंदी घट्ट झाली होती. मग धंदा उभा राहिला तो दोन टप्प्यांचा. इंग्लंडहून मोठं जहाज माल घेऊन अमेरिकेजवळच्या बेटांवर, म्हणजे बर्म्युडा, नासाउ किंवा हवानाला यायचं. तिथपर्यंत सगळं कायदेशीर. तिथून पुढे लहान, वेगवान, उथळ पाण्यात चालणारी आगबोट तो माल रात्री आत नेणार आणि कापूस घेऊन बाहेर येणार. आत जाताना बंदुका, शिसं, सोरा, बूट, ब्लँकेटं, औषधं. आणि त्यांच्या जोडीला रेशीम, ब्रँडी, अत्तरंही, कारण नफा तिथे जास्त. शेवटी १८६४ च्या सुरुवातीला दक्षिणेच्या सरकारला चैनीच्या मालावर बंदी घालावी लागली आणि बोटीतली निम्मी जागा सरकारी मालाला राखून ठेवा असं फर्मान काढावं लागलं. देश पेटलेला असताना अत्तरं विकणारे व्यापारी पाहून मला धक्का बसला नाही. मुंबईचा शेअर बाजार मी पेपरात रोज वाचतो.

१४ जुलै

पाऊस. लाकूड फुगलं. डावीकडचा सांधा केसाएवढा उघडला आहे. हात लावायचा नाही, सुकू द्यायचं, असं काकांनी बजावलं.

२१ जुलै

लाकूड अजून ओलसर आहे, म्हणून चाकं घेतली. या प्रकल्पातला सर्वांत किचकट आणि सर्वांत गोड भाग.

आगबोटीचं चाक बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं, आऱ्यांच्या टोकाला फळ्या लावलेल्या. साध्या चाकात फळी पाण्यात शिरताना पाण्याला थप्पड मारते आणि बाहेर येताना पाणी वर उपसते. दोन्ही वेळा जोर वाया जातो, वर आवाजही होतो. त्या काळच्या चांगल्या इंग्लिश आगबोटींत यावर एक युक्ती असायची. प्रत्येक फळी बिजागरीवर बसवायची आणि तिला एक दांडी जोडायची. सगळ्या दांड्या एका बाजूला सरकवलेल्या केंद्राला मिळतात. चाक फिरलं की प्रत्येक फळी पाण्यात शिरताना आणि निघताना उभीच राहते, वल्ह्यासारखी. वेग वाढतो आणि खळखळ कमी होते. रात्री पहाऱ्यावरच्या जहाजाजवळून जायचं असेल तर खळखळ कमी होणं जिवावरच्या गोष्टीत मोडतं.

पितळेच्या पत्र्यातून आरे कापले. कानशीने घासताना सहा मोडले. एका चाकाला तीन संध्याकाळी गेल्या.

चाकावरून आठवलं. कापसाच्या त्या तेजीबद्दल वऱ्हाड-खानदेशात एक गोष्ट सांगतात : शेतकऱ्यांकडे इतका पैसा आला की गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या. लहानपणी मीही ऐकली आहे. ज्याने एकदा तरी गाडी नाल्यातून काढली आहे तो या गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही. चांदीची धाव पहिल्या दगडाला चेपेल. पण अशी गोष्ट रचावीशी वाटली, यावरून किती पैसा डोळ्यांपुढे नाचला असेल त्याचा अंदाज येतो.

पैसा खरोखरच मुंबईत उतरला. युद्धाच्या वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा जास्तीचे सात कोटी पौंडांहून अधिक आले, असा तेव्हाचा हिशेब आहे. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला असंही सांगतात, आणि ही गोष्ट मला खरी वाटते, कारण गादीला चाक नसतं. आमचा कापूस आखूड धाग्याचा, त्यात सरकी, माती, कधी मुद्दाम मारलेलं पाणी. इंग्लंडमधल्या लँकेशायरचे विणकर आपल्या कापसाला ‘सुरत’ म्हणत आणि त्या नावाने बोटं मोडत. देवा, कापूस पाठव, पण सुरतचा नको, अशी त्यांची प्रार्थना सांगतात. भेसळ इतकी बोकाळली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

म्हणजे डेन्बीच्या पोटातला लांब धाग्याचा कापूस आणि खामगावच्या बाजारातला आखूड धाग्याचा कापूस एकाच गिऱ्हाइकाकडे निघाले होते. तिकडची गठाण पोचली नाही म्हणून इकडच्या गठाणीला भाव. नाकेबंदी फोडून जेवढा कापूस बाहेर गेला, तो युद्धापूर्वीच्या मानाने किरकोळच होता. तरी गावाकडच्या भाषेत सांगायचं तर डेन्बी आमच्या विरुद्ध पार्टीची.

५ ऑगस्ट

आजची तारीख मुद्दाम निवडली. बरोबर १६० वर्षांपूर्वी, ५ ऑगस्ट १८६४ ला, उत्तरेचा ॲडमिरल फॅरागट आपलं आरमार घेऊन फोर्ट मॉर्गनच्या तोफांसमोरून दक्षिणेच्या मोबिल बंदराच्या उपसागरात घुसला. शहर पुढल्या वर्षीपर्यंत पडलं नाही, पण बंदराला बूच बसलं.

तोवर डेन्बी हवाना ते मोबिल अशी ये-जा करत होती, इतकी नेमाने की तिला टपालाची बोट म्हणत. ती फार चपळ आहे, आमच्या हाती लागत नाही, अशी कबुली खुद्द फॅरागटच्या नावावर आहे. मोबिल बंद झाल्यावर तिने वाट बदलली आणि टेक्ससमधलं गॅल्व्हस्टन धरलं. हवानाहून ते लांब पडतं आणि कोळसा जास्त लागतो, पण दुसरं बंदरच कुठे उरत होतं! जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर पडला आणि विल्मिंग्टनचं बंदर बंद झालं. फेब्रुवारीत चार्ल्सटन गेलं.

मालक कोण, हेही आज लिहून टाकतो, कारण मला वाटलं होतं कोणी एकटा साहसी कप्तान असेल. तसं नव्हतं. १८६३ मध्ये ती विकत घेतली युरोपियन ट्रेडिंग कंपनीने. त्यात मोबिलची एक व्यापारी पेढी, मँचेस्टरची श्रोडर आणि पॅरिसची एमिल एर्लांजे ही सावकारी पेढी. याच एर्लांजेने मार्च १८६३ मध्ये दक्षिणेच्या सरकारसाठी तीस लाख पौंडांचं कर्ज उभारलं होतं. व्याज सात टक्के, आणि रोखे कापसात वळते करून घेण्याची मुभा, रतलाला सहा पेन्स दराने. तेव्हा लिव्हरपूलला कापूस वीस पेन्सच्या वर होता. कागदावर रोखा घेणारा घेतानाच श्रीमंत. फक्त एक बारीक अट होती : युद्ध चालू असेपर्यंत तो कापूस दक्षिणेत आत जाऊन ताब्यात घ्यायचा आणि बाहेर कसा काढायचा ते आपलं आपण बघायचं. अशा माणसांना डेन्बीसारखी बोट हवीच होती.

या धंद्यात मिळत किती होतं? ‘बॅन्शी’ नावाची पोलादी बोट नवव्या फेरीत पकडली गेली, तरी भागधारकांना सातशे टक्के देऊन गेली. चांगल्या कप्तानाला एका फेरीचे हजार पौंड मिळत.

आज कारागिरी शून्य. सांधा अजून पूर्ण मिटलेला नाही.

२५ ऑगस्ट

सांधा मिटला. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमरचा पहिला हात. मग रंगावरून घरात मतभेद.

नाकेबंदी फोडणाऱ्या बोटी फिकट राखाडी रंगवत. काळा रंग रात्री नजरेत भरतो, असा दर्यावर्दींचा अनुभव. समुद्रावरची रात्र काळी नसतेच, ती राखी असते. समुद्रकिनाऱ्यावर पहाटे तीन वाजता उभं राहून बघा. अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडत. धूर दिसू नये म्हणून अँथ्रासाइट कोळसा. दिवे सगळे बंद, होकायंत्रावर झाकण, इंजिनाच्या झरोक्यावर ताडपत्री, मग खाली भट्टीवाले शिजेनात का. वाफ सोडायची तीही पाण्याखाली.

नातीने हे ऐकलं आणि म्हणाली, “आबा, म्हणजे ही बोट दिसू नये म्हणून रंगवलेली. मग तू ती काचेच्या पेटीत ठेवून लोकांना का दाखवणार?”

उत्तर सुचलं नाही. राखाडी कालवायला घेतली. पांढऱ्यात काळा आणि चिमूटभर निळा. पहिला नमुना एस.टी.च्या जुन्या बाकड्यासारखा आला. दुसरा बरा.

१ सप्टेंबर

डेकवर गठाणी. खामगावहून भाच्याने मूठभर रुई पाठवली. ती मलमलीच्या तुकड्यात गुंडाळली आणि बारीक दोऱ्याने आवळली. प्रत्येक गठाण साधारण पाच सूत लांब. साठ केल्या. आगबोटींना कापूस पोटात भरून भागत नसे, वर डेकवरही थर लावत. विल्मिंग्टनला वाफेच्या प्रेसमधून काढलेल्या गठाणी अशा ठोसून भरत की उंदीर शिरणार नाही. त्याच विल्मिंग्टनला बोट सुटण्याआधी आत धूर सोडत. लपलेले पळपुटे सैनिक किंवा गुलाम खोकत बाहेर यावेत म्हणून.

हे वाचल्यापासून या पांढऱ्या ठोकळ्यांकडे पाहून हात थोडा थबकतो. वडिलांच्या प्रेसमध्ये हमाल होते, त्यांची मजुरी तुटपुंजी होती, त्यावरून भांडणं होत. इथे मजुरीचा प्रश्नच नव्हता. जवळजवळ प्रत्येक गठाण गुलामाच्या हातची. मॉडेलमध्ये ते दाखवता येत नाही.

गठाणी चिकटवल्या. सुरेख दिसतात, हे मान्य करावं लागेल.

१५ सप्टेंबर

गणपती. खोलीत मखराचं सामान, बोट कपाटावर. आरतीला आलेल्यांपैकी चौघांनी “टायटॅनिक का?” असं विचारलं. पाचव्याने विचारलं नाही, थेट सांगितलं की टायटॅनिकला चार धुराडी होती, तुमची तीन राहिली.

२९ सप्टेंबर

आज शेवटाबद्दल.

एप्रिल १८६५ च्या ९ तारखेला व्हर्जिनियात दक्षिणेच्या सेनापती लीने शस्त्रं खाली ठेवली. २६ तारखेला दक्षिणेच्याच जनरल जॉन्स्टनने. ४ मे रोजी अलाबामा राज्याकडचं सैन्य शरण गेलं. १० मे रोजी दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस पकडला गेला. राहिलं मिसिसिपीपलीकडचं सैन्य, आणि त्याच्यासाठी उघडं राहिलेलं एक बंदर, गॅल्व्हस्टन. हवानात वर्तमानपत्रं येत होती, तेव्हा हे सगळं तिथे माहीत नव्हतं असं समजणं कठीण. तरी डेन्बी निघाली. टेक्ससमध्ये कापूस पडून होता. राजवट बुडाली म्हणून कापूस बुडत नाही, आणि पेढ्यांना आपलं येणं वसूल करायचंच असतं. माझा तर्क इतकाच.

२३ मेच्या रात्री ती बोलिव्हर द्वीपकल्पाच्या कडेकडेने गॅल्व्हस्टनच्या तोंडाशी आली. ही वाट उथळ, जड लढाऊ जहाजांना तिथे येता येत नाही, म्हणूनच ती वापरायची. पण वाळूचे दांडे तिथेही आहेतच. बर्ड की नावाच्या दांड्यावर ती रुतली. तेरा फेऱ्या करून झाल्या होत्या, तेरा वेळा आत आणि तेरा वेळा बाहेर. तेरा आकड्याबद्दल मी काही बोलत नाही.

उजाडलं तेव्हा ती सगळ्यांना दिसत होती.

‘कॉर्न्युबिया’ आणि ‘प्रिन्सेस रॉयल’ या उत्तरेच्या दोन जहाजांनी तिच्यावर तोफा डागल्या. नंतर ‘केनेबेक’ आणि ‘सेमिनोल’ यांच्या होड्या गेल्या आणि खलाश्यांनी तिला आग लावली. तारीख २४ मे. बोट धरून नेली असती तर लिलाव होऊन खलाश्यांना बक्षिसाचा वाटा मिळाला असता. जळक्या बोटीचे पैसे मिळत नाहीत.

आता हे बघा. कॉर्न्युबिया ही कॉर्नवॉलमध्ये १८५८ साली बांधलेली, तीही किनाऱ्यालगत उतारू नेणारी आगबोट. तिलाही दक्षिणेने विकत घेतलं, तिनेही वीसेक वेळा नाकेबंदी फोडली, आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये विल्मिंग्टनजवळ ती पकडली गेली. तिच्यावर सापडलेल्या कागदपत्रांतून दक्षिणेच्या सरकारचा बोटींमधला सहभाग उघडा पडला. मग उत्तरेने तिच्यावर तोफा बसवल्या आणि तिला पहाऱ्यावर लावलं. प्रिन्सेस रॉयलही अशीच, जानेवारी १८६३ मध्ये चार्ल्सटनबाहेर पकडलेली. म्हणजे डेन्बीला मारणाऱ्या पहिल्या दोन्ही बोटी तिच्याच धंद्यातल्या. जंगलखातं पकडलेल्या हत्तीला शिकवून रानातल्या हत्तीमागे लावतं, त्याची आठवण झाली. उथळ पाण्यात चालेल अशी वेगवान बोट पकडायला तशीच बोट लागते, इतका साधा व्यवहार.

त्याच २४ मे रोजी ‘लार्क’ नावाची बोट गॅल्व्हस्टनमधून बाहेर पडली. ती शेवटची. तीही लेअर्डच्याच कारखान्यातली. २ जूनला गॅल्व्हस्टन शरण आलं. १९ जूनला उत्तरेच्या जनरल ग्रेंजरने तिथे हुकूम वाचून दाखवला की टेक्ससमधले सगळे गुलाम मुक्त आहेत. अडीच लाख माणसं. डेन्बी जळाल्याला तेव्हा सव्वीस दिवस झाले होते.

मुंबईत १ जुलै. तेजीत केलेल्या वायद्यांच्या फेडीचा दिवस. शांततेची बातमी येताच कापूस कोसळला होता आणि त्याच्याबरोबर समुद्रात भराव घालून जमीन करायला निघालेल्या बॅकबेच्या कंपनीचे शेअर. पाच हजार भरलेल्या शेअरला एकेकाळी पन्नास हजारांच्या घरात बोली लागली होती, त्याला आता कोणी विचारेना. कापसाचे आणि शेअरचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद बुडाले. त्यांनी आधीच देऊ केलेल्या पैशातून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पुढे उभा राहिला, म्हणून निदान घड्याळ तरी उरलं. खेड्यात टॉवर नव्हता. तिथे भाव असताना काढलेलं कर्ज तेवढं राहिलं. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या तेव्हा चौकशी समितीने जी कारणं शोधली, त्यांत कापसाच्या तेजीने वाढलेली पत हेही एक होतं.

१३ ऑक्टोबर

चूक सापडली. मीच केलेली, आणि मलाच सहा आठवडे दिसली नाही.

काल दसऱ्याला अवजारांची पूजा केली. कानस, पटाशी, गिरमिट मांडली आणि मधे बोट ठेवली. नात तिच्याकडे बघत बसली होती. म्हणाली, “आबा, ती रुतली तेव्हा आत जात होती की बाहेर येत होती?”

“आत.”

“मग कापूस आत नेत होती?”

मी गप्प. मॉडेलच्या पाटीसाठी मी कधीच लिहून ठेवलं आहे : ‘डेन्बी, गॅल्व्हस्टन, २३ मे १८६५.’ आणि डेकवर साठ गठाणी. टेक्ससला कापूस नेणं म्हणजे खामगावला रुई विकायला नेणं.

दोन वाटा आहेत. पाटीवरची तारीख बदलायची आणि बाहेर पडणाऱ्या एखाद्या फेरीची दाखवायची, म्हणजे गठाणी वाचतील. नाहीतर गठाणी काढायच्या.

२० ऑक्टोबर

अजून ठरलेलं नाही. मधे तिसरी वाट सुचली, बुडालेली डेन्बीच करावी. ती अजून तिथेच आहे. टेक्ससमधल्या सागरी पुरातत्त्वाच्या लोकांनी डिसेंबर १९९७ मध्ये जुन्या नकाशावरच्या खुणेवरून तिला शोधलं, आणि पुढची काही वर्षं उन्हाळ्यात उत्खनन केलं. पाणी पुरुष-दीड पुरुष खोल, गढूळ. वर डोकावतात ते बॉयलरचा माथा आणि चाकांच्या सांगाड्याचे वरचे भाग. बाकी अंग चिखलात गाडलेलं आहे, आणि चिखलानेच ते राखलं. सगळी बोट वर काढणं परवडणारं नाही. खाऱ्या पाण्यात मुरलेलं लोखंड बाहेर हवेत आणलं की भुसभुशीत होतं, त्यातलं मीठ काढायला विजेच्या टाक्यांत वर्षानुवर्षं ठेवावं लागतं.

चिखल करायला सोपा आहे, प्लास्टर आणि चहापत्ती. पण इतक्या मेहनतीने घासलेल्या चाकांवर चहापत्ती ओतायचा धीर होत नाही.

२७ ऑक्टोबर

गठाणी काढायच्या.

बाहेर पडणारी फेरी दाखवली तर बोट देखणी दिसेल आणि कापूस तरेल. पण माझ्या डोक्यात गेले पाच महिने जी बोट आहे, ती रात्री आत शिरणारी आहे. युद्ध संपलेलं, मागे हवाना, पुढे माल घ्यायला धड सरकारही नाही. तिच्या डेकवर पांढरं काही असता कामा नये, ते अंधारात दिसेल.

चिमटा, गरम पाण्यात भिजवलेला कापूस, सांध्यावर ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, ओढायचं. पहिल्या दोन गठाणींबरोबर रंग आला. मग जमलं. आज बावीस निघाल्या.

१० नोव्हेंबर

साठही निघाल्या. दिवाळीचा फराळ संपवून रिकामा झालेला चकलीचा डबा नातीने दिला, त्यात भरून ठेवल्या. भाचा डिसेंबरात येणार आहे, त्याची रुई त्याला परत.

डेकवर डिंकाचे साठ फिकट चौकोन राहिले आहेत, आठ-आठच्या रांगेत, शेवटची रांग चारची. राखाडीचा एक हात मारला तर जातील. सध्या तसेच ठेवले आहेत. पाटी बसवली. धुराड्याच्या मागचा एक ताण ढिला आहे, तो उद्या बघतो.